मुद्रित कागदी आराखड्यांतून बाहुलीघराचे लघुसाहित्य : प्रमाण, साधने आणि मर्यादा

सारांश

बाहुलीघरातील पुस्तके, डबे, खोकी, चित्रे, गालिचे, भिंतीचे कागद इत्यादी लघुवस्तू छापील कागदापासून तयार करण्याची पद्धत युरोप व अमेरिकेत दीर्घकाळ प्रचलित आहे. घरगुती संगणक व मुद्रणयंत्र उपलब्ध झाल्यापासून तिचा प्रसार अधिकच वाढला. मूळ वस्तूचे चित्र ठरावीक प्रमाणात लहान करून छापले की प्रतिकृती सिद्ध होते, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे. लांबी आणि रुंदी लहान करता येते. परंतु कागदाची जाडी, त्याचा ताठरपणा आणि शाईचा ठिपका लहान होत नाहीत. त्यामुळे लघुवस्तू घडविणे ही केवळ यांत्रिक लघुकरणाची क्रिया नसून मूळ वस्तूतील काय राखावे व काय सोडावे याच्या निर्णयाची क्रिया आहे, हे येथे उदाहरणांसह स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : बाहुलीघर, लघुप्रतिकृती, प्रमाण, घडण, मुद्रित कागद, गृहसंस्कृती.

१. प्रास्ताविक

मराठी वाचकाला लघुवस्तू म्हटली की प्रथम भातुकली आठवते. पितळेची कळशी, तांब्याचे घंगाळ, लाकडी पोळपाट-लाटणे, जाते, चूल यांचा तो संसार हाताळण्यासाठी आणि खेळण्यासाठी असतो. त्यात प्रमाणाचा आग्रह नसतो. जात्याशेजारची कळशी जात्याहून मोठी असली तरी खेळात बाधा येत नाही. युरोपातील बाहुलीघराची परंपरा याहून वेगळी आहे. तेथे वस्तू सुटी नसते. ती एका खोलीत, इतर वस्तूंच्या शेजारी, एकाच मापाने बांधलेली असते. पाहणाऱ्याची नजर खुर्चीवरून टेबलाकडे आणि टेबलावरून पुस्तकाकडे जाते. या प्रवासात एक जरी माप चुकले तरी घराचा आभास मोडतो. म्हणून बाहुलीघराच्या साहित्याचा विचार हा मूलतः प्रमाणाचा विचार होय.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

आरंभीची बाहुलीघरे मुलांची खेळणी नव्हती. ॲम्स्टरडॅम येथील रेइक्सम्युझियममध्ये जतन केलेले पेट्रोनेला ऊर्टमन हिचे बाहुलीघर इ. स. १६८६ ते १७१० या काळात सजविले गेले. त्यातील सामान चिनी माती, चांदी, संगमरवर, रेशीम अशा अस्सल द्रव्यांतूनच करवून घेतले होते, आणि त्यावर झालेला खर्च त्या शहरातील कालव्याकाठच्या खऱ्या घराच्या किमतीशी तुलना करण्याइतका मोठा होता. अशी घरे हे धनिकांच्या प्रतिष्ठेचे साधन होते. सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात ती येणे शक्यच नव्हते.

हे चित्र बदलण्यात कागदाचा आणि मुद्रणाचा वाटा मोठा आहे. फ्रान्समधील एपिनाल येथे झाँ-शार्ल पेलराँ यांनी १७९६ मध्ये स्थापन केलेला छापखाना तसेच जर्मनीतील नॉयरुपिन येथील गुस्ताव क्यून यांचा छापखाना स्वस्त चित्रपत्रकांसाठी प्रसिद्ध झाले. एस्लिंगेन येथे १८३१ मध्ये स्थापन झालेल्या श्रायबर प्रकाशनसंस्थेने कापून, दुमडून आणि चिकटवून इमारती उभ्या करण्याची पत्रके पुढे मोठ्या प्रमाणावर काढली. १७९० च्या दशकात आलोइस झेनेफेल्डर यांनी शोधलेले शिळामुद्रण आणि १८३७ मध्ये गोदफ्रुआ एंगेलमान यांनी स्वामित्वहक्क मिळविलेले रंगीत शिळामुद्रण यांमुळे रंगीत पत्रक स्वस्त झाले. याच तंत्राने पुढे मुंबईत राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून (१८९४) देवदेवतांची चित्रे घरोघर पोहोचली, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

अमेरिकेत ऱ्होड आयलंड प्रांतातील पॉटकेट येथील ब्लिस कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडी घरांवर रंगीत छापील कागद चिकटवून बाहुलीघरे विकली. विटा, खिडक्या, पडदे, नक्षी यांपैकी बरेच काही कोरलेले नसून छापलेले असे. न्यूयॉर्कच्या मॅक्लॉक्लिन ब्रदर्सने १८९४ च्या सुमारास पुठ्ठ्याचे घडीचे बाहुलीघरही विक्रीस आणले. अस्सल द्रव्याची जागा त्याच्या छापील प्रतिमेने घेतली, आणि वस्तूची किंमत उतरली. घरगुती मुद्रणयंत्रावर काढलेले आजचे आराखडे हे याच प्रक्रियेचे पुढचे पाऊल म्हणावे लागेल.

३. एकास बारा हे प्रमाण

बाहुलीघरांत सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण १:१२ हे आहे. इंग्रजी मापनपद्धतीत बारा इंचांचा एक फूट होतो; त्यामुळे खऱ्या घरातील एक फूट म्हणजे प्रतिकृतीतील एक इंच, असा सोपा हिशेब बसतो. सर एडविन लट्यन्स यांच्या आराखड्यानुसार बांधलेले व १९२४ च्या वेम्ब्ली येथील प्रदर्शनात मांडलेले राणी मेरीचे बाहुलीघर याच प्रमाणाचे आहे. नवी दिल्लीचे वास्तुरचनाकार म्हणून लट्यन्स भारतीयांस परिचित आहेत. विंडसर राजवाड्यात असलेल्या या घराच्या ग्रंथालयात आर्थर कॉनन डॉईल यांच्यासह अनेक लेखकांनी खास लिहिलेली चिमुकली पुस्तके आहेत. शिकागो येथील कलासंस्थेतील थॉर्न संग्रहाच्या ६८ खोल्याही प्रामुख्याने याच प्रमाणात आहेत. याखेरीज १:२४, १:४८ आणि १:१४४ ही प्रमाणेही वापरात आहेत.

१:१२ हे प्रमाण लांबीचे आहे, हे विसरता कामा नये. लांबी बारा पटींनी घटली की क्षेत्रफळ १४४ पटींनी आणि घनफळ १७२८ पटींनी घटते. मोजमापातील चुकीचा अर्थही त्यामुळे बदलतो. कापताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर ती खऱ्या वस्तूतील सहा मिलिमीटरच्या चुकीइतकी दिसते. सुताराने सहा मिलिमीटरची फट ठेवलेले कपाट कोणी स्वीकारणार नाही. बाहुलीघरातील अर्ध्या मिलिमीटरची फट तशीच खटकते.

४. घडण तयार करणे : एक उदाहरण

पृष्ठभाग उलगडून सपाट केलेल्या आकृतीस शालेय भूमितीत घडण म्हणतात. समजा, मूळ चहाचे खोके १२० मिमी उंच, ८४ मिमी रुंद आणि ६० मिमी खोल आहे. बाराने भागल्यावर ही मापे अनुक्रमे १०, ७ आणि ५ मिमी येतात. चार उभ्या बाजू ओळीने मांडल्यास ७, ५, ७ व ५ मिळून २४ मिमी लांबी होते. तीत चिकटविण्यासाठी ३ मिमीची पट्टी जोडली की २७ मिमी. वरचे व खालचे झाकण प्रत्येकी ५ मिमी धरल्यास एकूण उंची २० मिमी होते. म्हणजे संपूर्ण खोके एका सामान्य टपाल तिकिटाएवढ्या कागदात मावते.

प्रत्यक्ष कृतीचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो. प्रथम मूळ वस्तू पट्टीने मोजून तिची मापे नोंदविली जातात. नंतर संगणकावर घडण आखून तीत प्रत्येक बाजूचे चित्र बसविले जाते. छपाई झाल्यावर, कापण्यापूर्वीच, दुमडीच्या रेषांवर बोथट टोकाने हलका दाब दिला जातो. कापून सुटा झालेला तुकडा इतका लहान असतो की त्यावर मागाहून रेघ मारणे कठीण जाते. त्यानंतर धातूची पट्टी आणि धारदार पात्याचा कटर वापरून कापणी होते. कात्री अशा कामास फारशी उपयोगी नाही, कारण ती कागद किंचित वाकवीत पुढे सरकते. शेवटी कापलेल्या पांढऱ्या कडा जुळत्या रंगाच्या पेन्सिलीने रंगवून वस्तू चिकटविली जाते. कडा रंगविण्याची ही पायरी अनेकदा टाळली जाते. पण पांढरी कड ही वस्तू कागदाची असल्याची पहिली कबुली असते.

छपाईच्या वेळी एक चूक विशेषत्वाने घडते. अमेरिकेत तयार झालेले आराखडे २१६ × २७९ मिमी आकाराच्या कागदासाठी असतात; भारतात २१० × २९७ मिमीचा ए-४ कागद चालतो. मुद्रणयंत्र 'पानात बसवा' या सूचनेवर ठेवले असल्यास पहिल्या आकाराचे पान दुसऱ्यावर बसविताना चित्र सुमारे ९७ टक्के वा त्याहूनही लहान होते. एकटे खोके पाहताना हा फरक जाणवत नाही. परंतु १८० मिमी रुंद भिंतीचा कागद पाच मिलिमीटरांनी अपुरा पडतो. म्हणून प्रत्येक आराखड्यावर १०० मिमीची एक तपासरेषा आखावी आणि छपाईनंतर ती पट्टीने मोजून पाहावी.

५. जे लहान होत नाही

५.१ जाडी : कार्यालयात वापरला जाणारा ८० जीएसएमचा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. १:१२ च्या घरात हाच कागद १.२ मिमी जाडीच्या पुठ्ठ्याचे काम करतो. पुस्तकाचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. ४०० पृष्ठांच्या, म्हणजे २०० पानांच्या पुस्तकाची जाडी सुमारे २० मिमी असते. प्रतिकृतीत ती १.७ मिमीच्या आत राहावयास हवी. तेवढ्या जाडीत ८० जीएसएमची केवळ १६ पाने मावतात. २०० पाने घालण्याचा हट्ट धरल्यास ग्रंथाची वीट होईल. यावर दोन मार्ग आहेत. उघडणारे पुस्तक हवे असल्यास पातळ कागदाची मोजकी पाने घ्यावी लागतात. बंद पुस्तक पुरेसे असल्यास पुठ्ठ्याच्या ठोकळ्यावर छापील वेष्टन चढवून त्याच्या कडांना पानांचा रंग व रेघा द्याव्या लागतात. पहिल्या मार्गात पुस्तकाचे कार्य राखले जाते, दुसऱ्यात त्याचे रूप. खोक्यांनाही हाच न्याय लागू पडतो. पोकळ खोक्यापेक्षा ठोकळ्यावर पातळ छापील कागद गुंडाळल्यास कोपरे अधिक रेखीव येतात.

५.२ ताठरपणा : खऱ्या टेबलावरील कापड स्वतःच्या वजनाने खाली पडते व त्याला चुण्या येतात. एकाच जाडीच्या पदार्थाची लांबी बारा पटींनी कमी केली तर स्वतःच्या वजनाने वाकण्याचे त्याचे सापेक्ष प्रमाण सुमारे १७२८ पटींनी घटते. त्यामुळे लघुरूपातील कागदी पडदा किंवा वर्तमानपत्र लोंबत नाही. ते फळीसारखे उभे राहते. गुरुत्वाकर्षण जे काम करीत नाही ते हाताने करावे लागते. पडद्याच्या चुण्या आधी दुमडाव्या लागतात, वर्तमानपत्राचा कोपरा सुईभोवती वळवावा लागतो. या कामी कागदातील तंतूंची दिशा महत्त्वाची ठरते. कागद तंतूंच्या दिशेने सहज व सरळ दुमडतो. आडव्या दिशेने दुमडल्यास घडीवर तडे जातात. दिशा ओळखण्यासाठी कागदाचा चौरस तुकडा दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहणे पुरेसे असते.

५.३ ठिपका : मुद्रणयंत्र अक्षर ठिपक्यांनी घडविते. १० पॉइंट आकाराचा मजकूर १:१२ प्रमाणात ०.८३ पॉइंट, म्हणजे सुमारे ०.३ मिमी होतो. इंचाला ६०० ठिपके देणाऱ्या यंत्रावर या उंचीत केवळ सात ठिपके बसतात. रोमन लिपीतील अक्षराची आकृती एवढ्या ठिपक्यांत निदान सूचित होऊ शकते. देवनागरीची अडचण अधिक आहे. वरची मात्रा किंवा वेलांटी, शिरोरेषा, अक्षराचा मुख्य भाग आणि खालचा उकार असे चार थर सात ठिपक्यांत वाटून द्यावे लागतात. जोडाक्षर आले की आकृती गोठून काळा डाग उरतो. म्हणून लघुरूपात मराठी दिनदर्शिका किंवा पंचांग करावयाचे झाल्यास सर्व मजकूर यांत्रिकपणे लहान करून भागत नाही. मथळा व महिन्याचे नाव प्रमाणापेक्षा किंचित मोठे ठेवावे लागते, तारखांची चौकट राखावी लागते आणि बारीक मजकुराच्या जागी फिकट करड्या रेघा द्याव्या लागतात. आश्चर्य असे की पाहणाऱ्याला अशी पुनर्रचित दिनदर्शिका तंतोतंत लहान केलेल्या दिनदर्शिकेपेक्षा अधिक खरी वाटते.

५.४ छाया : छायाचित्रावरून आराखडा केल्यास मूळ वस्तूवर पडलेला प्रकाशही छापला जातो. बाहुलीघरात उजेड उजवीकडून येत असेल आणि छापील डब्यावरची सावलीही उजवीकडेच असेल, तर डोळ्याला विसंगती तत्काळ जाणवते. यासाठी वस्तूचे चित्र घेताना सपाट व सर्वत्र सारखा प्रकाश असणे इष्ट असते. खरी सावली खोलीतील दिव्याला पाडू द्यावी.

६. शाई, चिकटद्रव्य आणि टिकाऊपणा

शाई फवारणाऱ्या यंत्रांतील रंगद्रावणाची शाई पाण्याने पसरते. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या चिकटद्रव्यात पाणी असल्यामुळे ते सढळ हाताने लावल्यास रंग फुटतो व कागद सुरकुततो. म्हणून छापील पृष्ठभागावर पारदर्शक वार्निशचा हलका फवारा देऊन तो वाळल्यावरच पुढील काम करावे. लेझर यंत्रातील भुकटी पाण्याने पसरत नाही. मात्र ती कागदाच्या पृष्ठभागावर थरासारखी बसत असल्याने तीव्र घडीवर खवले निघतात. अशा ठिकाणी घडीची रेषा रंगाने भरून घ्यावी लागते. लाकडाच्या लगद्याचा, लिग्निनयुक्त कागद उजेडात पिवळा पडतो. जतनासाठी करावयाच्या वस्तूंना आम्लरहित कागद आणि रंगकणयुक्त शाई वापरणे श्रेयस्कर होय.

आराखड्यांच्या वापरास कायद्याचीही एक बाजू आहे. वेष्टने, मुखपृष्ठे व चित्रे यांवर कोणाचा तरी अधिकार असतो. भारतात १९५७ च्या प्रतिलिपी अधिकार अधिनियमानुसार कलाकृतीवरील अधिकार सामान्यतः कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. संशोधनासह खासगी उपयोगासाठी उचित वापराची मुभा त्याच अधिनियमात आहे. परंतु दुसऱ्याने आखलेले आराखडे छापून विकणे ही वेगळी गोष्ट ठरते.

७. छापील लघुवस्तू आणि पुराव्याचे मूल्य

हा सारा खटाटोप केवळ करमणुकीसाठी आहे काय, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर अमेरिकेतील फ्रान्सिस ग्लेसनर ली यांच्या कार्यात सापडते. त्यांनी १९४० च्या दशकात संशयास्पद मृत्यूंच्या घटनास्थळांच्या प्रतिकृती १:१२ प्रमाणात घडविल्या. हार्वर्ड विद्यापीठात पोलीस अधिकाऱ्यांना निरीक्षणाचे शिक्षण देण्यासाठी त्या वापरल्या जात. पुढे त्या बाल्टिमोर येथे हलविण्यात आल्या. या खोल्यांत डब्यावरचे लेबल किंवा भिंतीवरची दिनदर्शिका ही सजावट राहत नाही. घरात कोण राहत होते, काय खात होते, दिवस कोणता होता, याचा तो पुरावा असतो. लघुवस्तूच्या मापात किंवा मजकुरात चूक झाली तर शिकणाऱ्याचा निष्कर्षच चुकेल. येथे प्रमाणाची शिस्त सौंदर्याचा विषय न राहता सत्याचा विषय होते.

गृहसंस्कृतीच्या अभ्यासालाही हेच तत्त्व लागू करता येईल. घरातील पितळी भांडी जपली जातात, लाकडी पेट्या वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जातात. पण चहाचे खोके, आगपेटीचे लेबल, पोस्टकार्ड, शिधापत्रिका, दुकानाची दिनदर्शिका हा छापील संसार वर्ष संपताच रद्दीत जातो. एखाद्या काळातील मराठी घराच्या स्वयंपाकघराची प्रतिकृती करावयास घेतली की भांड्यांपेक्षा या कागदांचीच उणीव प्रथम जाणवते. फळीवर कोणते डबे होते, त्यांवर कोणती अक्षरे होती, भिंतीवर दिनदर्शिका किती उंचीवर टांगलेली होती, या प्रश्नांची उत्तरे वडीलधाऱ्यांना विचारून, जुनी छायाचित्रे पाहून आणि हाती लागलेली वस्तू पट्टीने मोजूनच मिळतात. प्रतिकृती करण्याच्या निमित्ताने झालेली ही नोंद प्रतिकृतीइतकीच मोलाची असते.

८. अध्यापनातील उपयोग

महाविद्यालयीन पातळीवर ही कृती अनेक विषयांना जोडता येते. गणितात गुणोत्तर, क्षेत्रफळ-घनफळ संबंध व घडण यांचे प्रात्यक्षिक होते. पदार्थविज्ञानात आकार बदलल्यावर पदार्थाचे वर्तन का बदलते, याचे हाताळता येणारे उदाहरण मिळते. गृहविज्ञान व अंतर्गत सजावटीच्या विद्यार्थ्यांना मांडणीचा पूर्वाभ्यास करता येतो. इतिहास व मराठीच्या विद्यार्थ्यांना एका खोलीची छापील वस्तूंची यादी करण्याचा प्रकल्प देता येईल. त्यासाठी लागणारी सामग्री कागद, कटर, धातूची पट्टी व चिकटद्रव्य एवढीच असल्याने खर्चाची अडचण येत नाही. मूल्यमापन करताना मात्र वस्तूच्या देखणेपणाबरोबर मूळ वस्तूच्या नोंदवलेल्या मापांना व विद्यार्थ्याने जाणीवपूर्वक केलेल्या बदलांच्या कारणांना गुण द्यावेत.

९. समारोप

ऊर्टमनच्या घरात चिनी माती चिनी मातीचीच होती. त्यामुळे तिला भासाचा प्रश्न पडला नाही, पण ते घर एकाच कुटुंबाच्या संपत्तीवर उभे राहिले. मुद्रित कागदाने ही कला सामान्यांच्या हाती दिली आणि त्याच्या मोबदल्यात कारागिरावर एक जबाबदारी टाकली. कागदाला धातू, कापड, लाकूड आणि काच यांचे सोंग घ्यावे लागते, आणि ते कोठवर वठेल हे घडविणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते. यंत्र लांबी व रुंदीला बाराने भागू शकते. जाडी कोठे लपवावी, चुणी कोठे पाडावी, कोणते अक्षर वाचता यावे आणि कोणते केवळ रेघ म्हणून उरावे, हे त्याला ठरविता येत नाही. मूळ वस्तू बारकाईने पाहिल्याशिवाय हे निर्णय घेता येत नाहीत. या दृष्टीने, चहाच्या खोक्याची दहा मिलिमीटर उंचीची प्रतिकृती करणाऱ्या विद्यार्थ्याने ते खोके प्रथमच खऱ्या अर्थाने पाहिलेले असते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.